पहिली रात्र काढायची कशी: सर्व्हायव्हल आणि बेस-बिल्डिंग गेम नव्याने खेळणाऱ्यांसाठी

माइनक्राफ्टमधली माझी पहिली रात्र एका बिळात गेली. सूर्य कलला तेव्हा माझ्याकडे एक लाकडी टिकाव होता, बाकी काही नव्हतं. कोळसा सापडला नव्हता, त्यामुळे उजेड नाही. घाईघाईने टेकडीच्या पोटात तीन ब्लॉक आत खणलं, तोंड मातीने बुजवलं आणि काळ्याकुट्ट स्क्रीनकडे बघत बसलो. बाहेर झॉम्बी कण्हत होता, आणि तो किती जवळ आहे ते कळत नव्हतं. मध्येच एक ब्लॉक काढून बघायचो. अंधारच असायचा, की पुन्हा लावायचो. या गेमचा पूर्ण दिवस २० मिनिटांचा असतो आणि गडद रात्र साधारण ७ मिनिटांची, पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. शेवटी एकदा ब्लॉक काढला आणि उजेडाचा चौकोन आत पडला. समोर तोच झॉम्बी उन्हात जळत होता.

त्या ७ मिनिटांत मी काहीही केलं नाही, आणि तरी जिवंत राहायचं आणि स्वतःचं ठाणं (बेस) उभारायचं असे हे गेम लोक शेकडो तास का खेळतात ते मला तिथेच कळलं. त्याआधी मी अशा गेमचा दोनदा नाद सोडला होता. एकदा व्हिडिओत बघितलेला किल्ला पहिल्याच दिवशी बांधायला घेतला होता, आणि एकदा थेट भरगच्च सर्व्हरवर जाऊन अर्ध्या तासात सहा वेळा मेलो होतो. दोन्ही वेळा गेम चांगलाच होता, माझी सुरुवात चुकली होती. तुमची चुकू नये म्हणून हे लिहितोय.

१. आधी मजा नेमकी कशात आहे ते ओळखा

लाकूड तोडणं कंटाळवाणं आहे. दगड फोडणं त्याहून कंटाळवाणं. हे काम मजेचं होतं ते एकाच कारणाने: घर सोडून जायचं असतं आणि घरी परत यायचं असतं. बाहेर जे आणाल त्यातून घर थोडं बरं होतं, घर बरं झालं की पुढच्या वेळी थोडं लांब जाता येतं, आणि लांब गेलं की भीतीही नवी भेटते. सगळा गेम म्हणजे हीच फेरी. बाहेरची भीती काढून टाकलीत तर घराला अर्थ उरत नाही. घरच नसेल तर बाहेर फिरणं म्हणजे नुसती वणवण. खाली जे जे सांगणार आहे ते या फेरीची दोन्ही टोकं शाबूत ठेवण्यासाठी आहे.

२. स्वभावाप्रमाणे गेम निवडा

इथे घाई करू नका. 'सर्व्हायव्हल' या एका शब्दाखाली फार वेगवेगळे गेम येतात, आणि चुकीच्या गेमने सुरुवात केली की माणूस सगळ्या प्रकारालाच नावं ठेवतो.

माइनक्राफ्ट (२०११) हा आजही सर्वांत सोपा दरवाजा आहे. जग ब्लॉकचं आहे, त्यामुळे बांधकामाचं गणित डोळ्यांना लगेच कळतं. गेम तुम्हाला काहीच सांगत नाही, ही त्याची गंमत आणि हाच त्याचा त्रास.

व्हॅल्हाइम २०२१मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आला तेव्हा तो बनवणारी टीम अवघी पाच जणांची होती, आणि साधारण महिनाभरात त्याच्या ५० लाखांवर प्रती खपल्या. मला विचाराल तर घर ही कल्पना यातल्याइतकी नीट कुठेच जमलेली नाही. त्याबद्दल पुढे लिहितो. यात उपाशी राहून तुम्ही मरत नाही. तीन प्रकारचं अन्न खाल्लं की आयुष्य आणि दम वाढतो, नाही खाल्लं तर तुम्ही फक्त दुबळे राहता. ज्यांना भुकेच्या काट्याकडे सतत बघत बसायचा वैताग येतो त्यांनी इथून सुरुवात करावी.

सबनॉटिका (२०१८) समुद्राखाली आहे. हातात बंदूक नाही, नकाशा नाही, आणि सुरुवातीला एका दमात फक्त ४५ सेकंदांची हवा. ज्याला गोष्टही हवी आणि शेवटही हवा, त्याच्यासाठी उत्तम. खोल पाण्याची खरोखर भीती वाटत असेल तर मात्र जपून, आवाज फार परिणामकारक आहेत.

डोन्ट स्टार्व्ह (२०१३) दिसायला चित्रकथेसारखा आणि वागायला निर्दय. रात्री उजेडाबाहेर उभे राहिलात तर अंधारच तुम्हाला मारतो. साधारण वीस दिवसांनी हिवाळा येतो आणि तयारी नसलेल्याला घेऊन जातो. मेलात की सहसा जगच संपतं. पहिला गेम म्हणून मी हा सुचवणार नाही, तिसरा म्हणून जरूर.

रिमवर्ल्डमध्ये तुम्ही एक माणूस नसता. यान कोसळून एका ग्रहावर अडकलेल्या तिघांची वस्ती वरून बघत सांभाळता. ते आपापसांत भांडतात, प्रेमात पडतात, मनाविरुद्ध घडलं की डोकं फिरवून घेतात. बांधकामापेक्षा माणसांचं नाटक आवडत असेल तर हा.

आणि रस्ट. इथे धोका जनावरांचा कमी, दुसऱ्या खेळाडूंचा जास्त. तुम्ही झोपलेले असताना, म्हणजे खरोखर तुमच्या घरी झोपलेले असताना, कोणीतरी येऊन बेस फोडून जाऊ शकतं. अधिकृत सर्व्हरवर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी नकाशा पुसला जातो आणि सगळ्यांना बेस पुन्हा बांधावा लागतो. यात मजा नाही असं नाही, पण नवख्याने एकट्याने तिथे जाणं म्हणजे पोहणं शिकायला पुरात उडी मारण्यासारखं आहे.

सापळा: 'मित्र हाच खेळतात' म्हणून गेम घेणं. मित्र तीनशे तास पुढे असतील तर ते तुम्हाला पहिल्याच दिवशी तयार चिलखत देतील, तयार घरात झोपवतील, आणि जी फेरी अनुभवायला आलात तीच हातातून जाईल.

३. तयारी: काय काय लागेल

- गेमच्या पानावरची 'किमान' नव्हे, 'शिफारस केलेली' यंत्रणा तुमच्याकडे आहे का ते बघा. बेस मोठा झाला की हे गेम जड होतात. पहिल्या तासाला छान चालणारा गेम पन्नासाव्या तासाला अडखळू शकतो.
- हेडफोन. हा चैनीचा भाग नाही. मागून येणारं पाऊल, माइनक्राफ्टमधल्या क्रीपर या राक्षसाची फुसफुस, पाण्याखालची दूरची डरकाळी, निम्मी माहिती कानांनीच मिळते.
- कागद-पेन. हसू नका. कुठे काय दिसलं, कोणत्या पेटीत काय ठेवलं, उद्या काय करायचं, हे लिहिलं नाही तर आठवड्याने परत आल्यावर तुम्हाला स्वतःचंच घर ओळखू येणार नाही.
- सलग दीड-दोन तास. पंधरा मिनिटांच्या फटीत खेळायचा हा प्रकार नाही.
- मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) नको. पहिल्या खेळात एकही नको.

विकत घेताना दोन गोष्टी तपासा. 'अर्ली अ‍ॅक्सेस' लिहिलेलं असेल तर गेम अर्धवट आहे असं समजूनच घ्या. काही गेम अनेक वर्षं त्याच अवस्थेत असतात आणि तरी उत्तम असतात, पण मोठ्या अपडेटनंतर जुनं जग अडचणीत येऊ शकतं. दुसरं, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. हे दोन तास चेहरा-केस निवडण्यात घालवू नका. यंत्रावर गेम नीट चालतो का आणि पहिली रात्र कशी वाटते, एवढं त्यात नक्की बघून घ्या.

४. अवघडपणा ठरवताना लाजू नका, पण रात्र काढून टाकू नका

जवळपास प्रत्येक गेम सुरुवातीला काठिण्य विचारतो. सबनॉटिकात भूक-तहान नसलेला वेगळा प्रकार आहे. माइनक्राफ्टमध्ये मेल्यावर सामान अंगावरच राहील असा नियम चालू करता येतो. रिमवर्ल्डमध्ये तर संकटं कोणत्या तालात पाठवायची ते ठरवणारा 'कथाकार' निवडता येतो: कॅसँड्रा हळूहळू ताण वाढवत नेते, फीबी दोन संकटांमध्ये भरपूर उसंत देते, रँडीचा काही भरवसा नाही. नवख्याने फीबी निवडावी आणि रँडीचे किस्से दुसऱ्यांकडून ऐकावेत.

माझा हिशोब साधा आहे: मरणाची शिक्षा कमी करा, धोका कमी करू नका. सामान न गमावण्याची सोय खुशाल घ्या. पण माइनक्राफ्टचा 'पीसफुल' प्रकार, ज्यात रात्री राक्षस येतच नाहीत आणि भूकही लागत नाही, तो पहिल्या जगासाठी टाळा. तो वाईट नाही, पण त्यात दार लावण्याचं समाधान नाही.

५. पहिला दिवस: सूर्य बुडेपर्यंत एवढंच

माइनक्राफ्ट धरून क्रम सांगतो. तपशील बदलून तो बहुतेक ठिकाणी चालतो.

उतरल्याबरोबर आजूबाजूला एकदा गोल फिरून बघा आणि डोळ्यांत भरेल अशी एक खूण लक्षात ठेवा: वाकडा डोंगर, नदीचं वळण, काहीही. मग झाड हाताने फोडा, पाच-सात ओंडके पुरेत. क्राफ्टिंग टेबल (वस्तू बनवायचं टेबल), लाकडी टिकाव, लगेच दगड, लगेच दगडी टिकाव. लाकडी हत्यारांचा पूर्ण संच बनवत बसू नका, ती मिनिटांची पाहुणी आहेत. वाटेत मेंढ्या दिसल्या तर एकाच रंगाची तीन लोकर घ्या. तीन लोकर आणि तीन फळ्या म्हणजे बेड, आणि बेड म्हणजे रात्र झोपून काढायची सोय, शिवाय मेलात तर जाग तिथेच येईल याची खात्री.

कोळसा मिळाला तर एक कोळसा आणि एक काठी यातून चार टॉर्च (मशाली) होतात. नाही मिळाला तर, आणि हेच मला त्या बिळात माहीत नव्हतं, भट्टीत ओंडके जाळा. खाली फळ्यांचं जळण, वर ओंडका, की लोणारी कोळसा तयार. तोही टॉर्चला चालतो. भट्टीपुरते आठ दगड असते तर मी ती रात्र उजेडात काढली असती. पण मग हा लेख लिहिला असता की नाही, शंकाच आहे.

सूर्य कलायच्या आधी आडोसा. सुंदर नको, बंद हवा.

सापळा: सरळ पायाखाली खणू नका. खाली पोकळी असते, पोकळीत कधी लाव्हा असतो. जिन्यासारखं तिरकं खणा म्हणजे परत वरही येता येतं. 'मला माहीत आहे' म्हणणारेसुद्धा हे एकदा करतातच.

६. जागा: देखावा बघून भुलू नका

व्हॅल्हाइममध्ये मी पहिलं मोठं घर टेकडीच्या माथ्यावर बांधलं. खाली समुद्र, समोर सूर्योदय, नुसता बघत बसावा असा. मग तांबं आणि कथील आणायची वेळ आली. या गेममध्ये पोर्टल आहेत, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी क्षणात जाता येतं, पण नेहमीच्या सेटिंगमध्ये धातू घेऊन त्यातून जाता येत नाही. म्हणजे धातू बोटीने किनाऱ्यापर्यंत आणि तिथून हातगाडीने वर. गाडी भरली, ओढायला लागलो. चढावर दम संपतो, पाय घसरतात. वळणावर गाडी दगडात अडकली म्हणून सोडवायला हात काढला, आणि ती सगळ्या तांब्यासकट जी निघाली ती झाडांवर आपटत थेट पाण्यात. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर एक साधी शेड बांधली, भट्टी तिथे नेली, आणि माथ्यावरच्या घरात फक्त झोपायला जाऊ लागलो.

तेव्हा जागा बघताना आधी ओझ्याचा विचार करा. लाकूड, दगड, पाणी आणि जे वारंवार आणावं लागणार ते किती लांब आहे? व्हॅल्हाइममध्ये किनारा हवा, कारण पुढे सगळं बोटीवर अवलंबून आहे. सबनॉटिकात उथळ पाण्यात, सुरुवातीच्या जीवनरक्षक कुपीजवळच बांधा. खोल गेलात की बांधकामावर पाण्याचा दाब वाढतो, खिडक्या जास्त लावल्यात तर भिंती तो सोसत नाहीत आणि घरात पाणी शिरतं. डोन्ट स्टार्व्हमध्ये सशांची बिळं आणि गवत जवळ असेल अशी जागा. तिथे बीफॅलोंचा कळप दिसला तर शेजारी राहा, मध्ये राहू नका. एरवी गरीब वाटणारे ते प्राणी माजावर आले की समोर येईल त्याला तुडवतात.

आणि हा बेस कायमचा नाही हे मनाशी पक्कं करा. तिसरा बेस खरा असतो. पहिले दोन शिकण्यासाठी.

७. पहिलं घर: अंथरूण पाहून पाय पसरा

आत पाचच गोष्टी: झोपायची जागा, विस्तव, काम करायचं टेबल, दोन पेट्या, दार. बस. जे लोक पहिल्या आठवड्यात कंटाळून सोडतात त्यातले बरेच जण अर्धवट किल्ल्याच्या चौथ्या भिंतीपाशी थकलेले असतात.

व्हॅल्हाइमचं घर इथे जवळून बघण्यासारखं आहे, कारण त्यात घर खरंखुरं वागतं. मी पहिली झोपडी बांधली, चार भिंती, गवती छप्पर, मध्ये जमिनीवर शेकोटी. दार लावलं, समाधानाने बसलो. अर्ध्या मिनिटात खोली धुराने भरली आणि आयुष्याचा काटा खाली जायला लागला. स्वतःच्या घरात, राक्षसाशिवाय, मी मरत होतो. बाहेर पळालो, कुऱ्हाडीने छपराचा माथा फोडला, धूर निघून गेला. मग पाऊस आला आणि त्या भोकातून शेकोटी विझली. शेवटी उघड्या माथ्यावर हातभर उंच दुसरं छोटं छप्पर उभारलं: धूर बाजूने बाहेर, पाऊस बाहेरच. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणत्याही मेनूत लिहिलेलं नव्हतं. ते छप्पर जमलं तेव्हा झालेला आनंद मला मोठ्या बॉसला मारूनही झाला नाही.

त्याच गेममध्ये बांधकामावर हातोडा रोखला की तुकड्याचा रंग बदलतो. जमिनीला टेकलेला निळा, मग हिरवा, पिवळा, आणि शेवटी लाल. लालच्या पुढे जोडाल ते कोसळतं. म्हणून खांब जमिनीपासून वर न्या, तुळई अधांतरी लांबवू नका. छपराखाली, विस्तवाजवळ बसलात की 'विश्रांती' मिळते आणि दम लवकर भरतो. किमान आठ मिनिटं टिकणारी ही विश्रांती खुर्ची, गालिचा, टेबल अशा वस्तूंनी वाढत जाते. आरामाची पातळी एकने वाढली की एक मिनिट जास्त. म्हणजे घर सजवणं हा रिकामा उद्योग राहत नाही, ती शिदोरी होते. ज्याने हे नियम बसवले त्याला घर म्हणजे काय हे ठाऊक होतं.

बाकी ठिकाणच्या दोन-तीन सूचना पटकन. टेरारियात सोबती राहायला यावेत म्हणून खोलीला पूर्ण भिंती, दार, उजेड, टेबल आणि खुर्ची लागते. मागची भिंत विसरली जाते आणि लोक 'कोणी येतच नाही' म्हणत बसतात. रस्टमध्ये एकामागे एक दोन दारं ठेवा, म्हणजे एक उघडताना कोणी घुसलं तरी आतलं बंद असेल. आणि टूल कपबर्डमध्ये (घराची देखभाल चालू ठेवणाऱ्या कपाटात) साहित्य भरलेलं ठेवा, नाहीतर घर आपोआप झिजतं. रिमवर्ल्डमध्ये चांदी आणि भारी वस्तूंचे ढीग लावू नका: वस्तीची संपत्ती वाढते तसे हल्लेही मोठे होतात, आणि कोठार फुगलेल्या पण पहारा नसलेल्या वस्त्या तिथे फार टिकत नाहीत.

पेट्यांवर पहिल्या दिवसापासून पाट्या लावा. 'नंतर लावू' म्हटलेल्या पाट्या कधीच लागत नाहीत.

८. बाहेर पडा, पण परतीचा हिशोब आधी

फेरीला निघताना अन्न, दोन हत्यारं, उजेड, आणि निम्म्याहून जास्त रिकामी पिशवी. भरलेली पिशवी घेऊन निघणारा माणूस पहिल्याच चांगल्या वस्तूपाशी अडतो आणि मग तिथे दगड टाकू की लाकूड टाकू करत बसतो. जिवापाड जपलेली सर्वांत भारी तलवार घरीच ठेवा. अनोळखी ठिकाणी जाण्याचा पहिला उद्देश बघून येणं हा असतो.

निम्मं संपलं की मागे फिरा. अन्न निम्मं, टॉर्च निम्मे, हवा निम्मी. सबनॉटिकात हे अगदी शब्दशः: जेवढं खाली गेलात तेवढं वर यायचं आहे, आणि वाटेत चमकदार काहीतरी दिसणारच. 'एवढंच घेतो' हे त्या समुद्रातले बहुतेकांचे शेवटचे शब्द असतात. तिथे नकाशा नसल्यामुळे महत्त्वाच्या जागी बीकन (जागा दाखवणारी खूण) सोडा आणि त्याला नाव द्या. नाव ओळखू येईल असं द्या. मी 'इथे', 'इथेपण' आणि 'इथे नको' अशी तीन ठेवली होती आणि पंधरवड्याने त्यातल्या कशाचाच अर्थ लागेना.

गुहेत शिरताना टॉर्च नेहमी उजव्या भिंतीला लावा. येताना ते डावीकडे दिसले की वाट बरोबर. एवढी साधी युक्ती, पण तिने माझे कित्येक तास वाचवले आहेत.

आणि एकदा तरी मुद्दाम संध्याकाळी उशिरा परता. दमलेले, अन्न संपलेलं, मागे काहीतरी चाहूल, आणि झाडीतून आपण सकाळी लावलेला दिवा दिसतो. तो कोणत्या ब्लॉकवर लावला तेही आठवतं. तिथून दारापर्यंतची ती वीस पावलं, त्यासाठी हे गेम खेळायचे.

९. मराल. पुढे काय?

सामान सांडलं म्हणून हात हलवत लगेच तिकडे धावू नका. ज्याने मारलं तो अजून तिथेच आहे. आधी तुमच्या गेमचा नियम काय ते लक्षात घ्या. माइनक्राफ्टमध्ये जमिनीवर पडलेलं सामान ५ मिनिटांनी नाहीसं होतं, पण ती मिनिटं तुम्ही जवळपास असतानाच मोजली जातात. म्हणजे दूरच्या घरी उठलात तर शांतपणे अन्न आणि ढाल घेऊन निघायला वेळ आहे. व्हॅल्हाइममध्ये तुमची कबर वाट बघत राहते, घाई अजिबात नको. फक्त कौशल्यं थोडी उतरतात. प्रोजेक्ट झोम्बॉइडमध्ये तुमचं पात्र संपतं, जग तसंच राहतं. त्याच जगात नवं पात्र घेऊन गेलात, तर जुन्या घराच्या आसपास तुमचंच आधीचं पात्र झॉम्बी होऊन, तीच पिशवी पाठीवर घेऊन फिरताना भेटू शकतं.

म्हणून घरी एका पेटीत कायम एक जोड तयार ठेवा: जुनं चिलखत, दुय्यम हत्यार, थोडं अन्न. 'मेल्यावरची पेटी' अशी पाटी लावा.

१०. बेस भक्कम झाला आणि कंटाळा आला

हे होणारच, आणि बहुतेकांना वाटतं की गेम संपला. भिंती पक्क्या, अन्न भरपूर, रात्र झोपून जाते. भीतीचं टोक तुटलं, दुसरं काही नाही. उपाय: नव्या प्रदेशात लहानसं दुसरं ठाणं. पुन्हा पाच वस्तू, पुन्हा अपुरं घर. सेव्हन डेज टू डायसारखे गेम हे स्वतःच घडवून आणतात, तिथे ठरलेल्या सेटिंगमध्ये दर सातव्या रात्री झुंड चालून येते आणि सहा दिवसांची मेहनत तपासून बघते.

सापळा: याच वेळी लोक व्हिडिओ बघायला लागतात. दुसऱ्याचा राजवाडा बघून आपलं घर खुजं वाटतं, आणि हात चालेनासा होतो. माझा नियम असा की कृती बघायची, ठिकाणं बघायची नाहीत. एखादी वस्तू कशी बनते ते विकीवर खुशाल शोधा, त्यात अडून बसण्यात शौर्य नाही. पण ती कुठे सापडते ते शोधू नका. सबनॉटिकाबद्दल तर काहीच वाचू नका. वर मी लिहिलंय तेही खरं तर जास्तच झालं.

११. मित्रांबरोबर खेळताना

तीन गोष्टी आधी बोलून घ्या. कोणी नसताना एकट्याने पुढचा प्रदेश उघडायचा नाही. शेती, खाणकाम, सजावट खुशाल करा. सामाईक पेटी कोणती आणि खाजगी कोणती ते ठरवा, कारण चार हिऱ्यांवरून झालेली भांडणं गेम बंद केल्यावरही चालतात. आणि जग कोणाच्या यंत्रावर आहे? त्याची प्रत आठवड्यातून एकदा दुसरीकडे काढून ठेवा. आमच्या एका जगाची एकुलती एक प्रत एका मित्राने डिस्क साफ करताना उडवली; तो बिचारा दोन दिवस बोलला नाही, आणि बेस चार महिन्यांचा होता.

कामं आपोआप वाटली जातात, ती वाटू द्या. एकाला खणायला आवडतं, एकाला लढायला, एक जण तीन तास कुंपणच नीट करत असतो. त्याला चिडवू नका. रात्री परतताना सगळे त्याच्याच दिव्यांकडे बघून वाट शोधतात.

१२. उठण्यापूर्वी

बाहेर असताना गेम बंद करू नका. घरी या, पिशवी रिकामी करा, बेडपाशी उभे राहा, सेव्ह झालं ते बघा. मग कागदावर दोन ओळी: आता कुठे आहे, उद्या पहिलं काम कोणतं. माझ्या कालच्या पानावर लिहिलंय, 'ओढ्यापलीकडच्या गुहेत डावीकडे आवाज येतो. टॉर्च २०. मेल्यावरची पेटी रिकामी आहे, आधी ती भर.'